चाफा सदनाला शंभरपैकी एक्याण्णव

आईसाठी चांगलं वृद्धसदन शोधायचं काम मी अंगावर घेतलं, कारण त्या कामाला माझ्याइतका लायक माणूस मलेशियातल्या आमच्या अख्ख्या ताईपिंग गावात दुसरा नव्हता. हे अर्थात माझं मत होतं, पण ते मी कोणापासून लपवून ठेवलं नव्हतं. मी, तेओ खेंग स्वी, एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. बाजारातल्या मासेवाल्याचा काटा वीस ग्रॅमने खोटं बोलला तरी मला दहा पावलांवरून वास यायचा. एखादी वस्तू नुसती हातात घेतली की मी तिचं वजन सांगतो. लग्नात लोक मला भेटवस्तू उचलायला लावत आणि टाळ्या वाजवत. अशा माणसाला एक साधं वृद्धसदन तपासता येऊ नये?

गरज मात्र खरीच होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आई महिन्याभरात दोनदा न्हाणीघरात पडली. दुसऱ्यांदा खुब्याला चीर गेली. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास कोणीतरी जवळ हवं. माझी बायको ग्वात चू पहाटे पाचला तिच्या नूडल्सच्या गाड्यावर जाते ती दुपारी तीनला परत येते. घरी मी असतो. पण मला दुपारी डुलकी लागते आणि आई नेमकी तेव्हाच पडते. दोन्ही वेळा मी आरामखुर्चीत घोरत होतो, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. ग्वात चूने सांगितलं.

"मला ठेव कुठेतरी," शेवटी आईच म्हणाली. "पडायची मला भीती नाही रे. तू झोपेतून दचकून धावत येतोस ना, तेव्हाचं तुझं तोंड बघवत नाही."

मी वही काढली आणि वीस मुद्द्यांचा तक्ता आखायला घेतला. प्रत्येक मुद्द्याला पाच गुण, एकूण शंभर. स्वच्छता, अन्न, आग विझवायची सोय, कर्मचाऱ्यांचा उत्साह, आपुलकी, सामानाची सुरक्षितता, असं सगळं. खाली सहीची जागा. बाजूला शिक्क्याची जागा. निवृत्त होताना माझा जुना रबरी शिक्का चुकून माझ्या पिशवीत राहिला होता, त्यालाही काम मिळालं.

ही बातमी आमच्या गल्लीत कशी पोचली ते कळलं नाही, पण संध्याकाळपर्यंत सल्ले सुरू झाले. समोरचे सेल्वा अंकल रेल्वेतून निवृत्त झालेले. ते कुंपणावरून म्हणाले, "मिस्टर तेओ, आधी भिंतीवरचं घड्याळ बघा. घड्याळ बंद तर औषधंही बंद." शेजारच्या मझना ताईंनी तीस वर्षं सरकारी इस्पितळात आयाचं काम केलेलं. त्या कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पुढच्या दाराने जाणार का तू?"

"म्हणजे काय ताई? माणूस पुढच्याच दाराने जातो."

"मागच्या दाराने जा. आणि टाचा बघ म्हाताऱ्यांच्या. तोंड कोणीही पुसून, पावडर लावून ठेवतं. अंथरुणाला घासून सोललेल्या टाचा लपत नाहीत."

मी हसलो. बाई चांगली, पण पद्धतशीर विचाराची सवय नाही. माझ्या वीस मुद्द्यांत टाचांना कुठे बसवायचं? मी त्यांना तसं सौम्यपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं बाबा," आणि चिमटे लावत राहिल्या.

पहिल्यांदा मी नोंदणीकृत सदनांची यादी आणायला सरकारी कचेरीत गेलो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आई चालतात का?"

"सकाळी चालते."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी थकते. धरून न्यावं लागतं."

तिने पेन खाली ठेवलं. "अंकल, चालणाऱ्यांची सदनं आमच्याकडे. न चालणाऱ्यांची पलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या खात्याकडे."

पलीकडच्या इमारतीतल्या गृहस्थांनी विचारलं, "सकाळी चालतात ना? मग आमच्याकडे कशाला आलात?" मी दोन इमारतींमध्ये तीन फेऱ्या मारल्या. शेवटी त्या गृहस्थांनी मोठ्या मनाने तोडगा काढला: दुपारी एकपर्यंतची आई त्या खात्याची, एकनंतरची या खात्याची. यादी मात्र दोघांकडेही मिळाली नाही. यादी मला शेवटी पापड-बिस्किटांच्या दुकानदाराने दिली, कारण तो सगळीकडे माल पोचवतो.

पाहणीसाठी मी गुरुवार ठरवला. आमच्याकडे गुरुवारी सरकारी माणसाने लांब बाह्यांचा बाटिकचा सदरा घालायचा नियम आहे. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण गुरुवार उजाडला की माझा हात आपोआप बाटिककडे जातो. "कुठल्या मंत्र्याकडे निघालास?" ग्वात चू दर आठवड्याला विचारते. त्या दिवशी मी सदरा इस्त्री केला, खिशात दोन पेनं लावली, पॅडला तक्ता अडकवला आणि निघालो.

पहिल्या सदनात आणीबाणीचं दार उघडून बघितलं तर पलीकडे ड्युरियनच्या काटेरी फळांचा डोंगर रचलेला. आग लागली तर म्हाताऱ्यांनी त्या काट्यांवरून चढून पळायचं. त्रेचाळीस गुण. दुसरीकडे आग विझवायच्या नळकांड्यावर चिनी नववर्षाचे लाल कंदील बांधलेले आणि खाली मांजरीची पिल्लं. अठ्ठावन्न. मी निराश झालो होतो, पण एक गोष्ट मनाला सुखावत होती. दोन्हीकडे मला बघताच मालक उठून उभे राहत होते, खुर्ची पुसून देत होते. व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव पडतो तो असा, असं मी मनात म्हटलं.

तिसरं चाफा सदन. खरं तर हे नाव ऐकूनच मझना ताईंनी कपाळाला हात लावला होता, कारण इकडे चाफा कबरस्तानात लावतात. पण इमारत दुमजली, रंग ताजा, अंगण झाडलेलं. मालकीण मॅडम ऊई दारातच आल्या. माझा सदरा, पॅड, दोन पेनं असं सगळं त्यांनी एका नजरेत टिपलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही येणार हे कळवलं असतंत तर! आधी कॉफी घ्या. नाही म्हणायचं नाही."

कॉफी आली, नारळाच्या वड्या आल्या, केळ्याची भजी आली. वीस मिनिटं मी खात होतो आणि वरच्या मजल्यावर पावलांची धावपळ ऐकू येत होती. कोणीतरी काहीतरी ओढत होतं, पाणी ओतत होतं, दारं लागत होती. मी मान डोलावली आणि लिहिलं: कर्मचाऱ्यांचा उत्साह, पाचपैकी पाच.

मग मला दालनात नेलं. सात म्हातारे-म्हाताऱ्या ओळीने बसल्या होत्या. कपडे इस्त्रीचे, केस ओले, गालांवर पावडर. मी आत जाताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवण कसं आहे विचारलं तर सातही जणं एका सुरात म्हणाली, "चांगलं आहे, साहेब." मी पुढे निघालो तेव्हा शेवटच्या म्हाताऱ्याने माझी बाही धरली. सोडेचना. काही बोलत नव्हता, नुसता बघत होता. मॅडम ऊईंनी हसत हसत त्याची बोटं एकेक करून सोडवली. "जीव लावतात हो आमचे आजोबा." माझे डोळे भरून आले. आपुलकी, पाच.

जिन्याच्या वर लोखंडी जाळीचं दार होतं, त्याला भलंमोठं कुलूप. "ते काय?"

"कोठीची खोली, साहेब."

सामानाची सुरक्षितता, पाच.

एकूण एक्याण्णव झाले. मी सही केली आणि शिक्का मारला. मॅडम ऊईंनी एक प्रत मागितली, तीही देऊन टाकली. इतक्या गुणांच्या संस्थेला तेवढं प्रोत्साहन मिळायला हवं. पुढच्या सोमवारी मी आईला तिथे पोचवलं. तिची पिशवी, तिची उशी, तिची चंदनाची पंखी. निघताना ती म्हणाली, "तू जा आता. वळून बघू नकोस, नाहीतर मीही उठेन."

भेटीची वेळ रविवारी तीन ते पाच. आम्ही दर रविवारी जायचो. आई खालच्या दालनात बसलेली असे, केस विंचरलेले, गालांवर पावडर. बोलणं कमी झालं होतं. पण खायची बघा! पाचव्या रविवारी तिने सहा केळी एकामागोमाग एक संपवली आणि सातव्या केळ्याचं साल उचलून पाहिलं. मी ग्वात चूला म्हणालो, "बघ, भूक वाढली. हवा मानवली तिला."

"तिला जेवायला देतात का रे?" ग्वात चू म्हणाली.

"अन्न, पाचपैकी पाच," मी म्हणालो. ती माझ्याकडे असं बघत राहिली की मीच विषय बदलला. आईची खालची कवळी सैल झाली होती, ती मी दुरुस्तीला घेऊन आलो.

कवळी मंगळवारी सकाळी मिळाली. दाताशिवाय आई पाच दिवस काय खाणार, म्हणून मी तसाच निघालो. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, पायात रबरी चपला, बुडाखाली जुनी मोटरसायकल. चाफा सदनाच्या फाटकातून कोणीतरी बाई ओरडली, "आलास का एकदाचा! दोन दिवस झाले टाकी गळतेय. मागून ये, मागून! पुढे चिखल नको." मी कोण आहे हे सांगायला तोंड उघडलं तोवर ती आत गेली होती. एकतीस वर्षं सरकारात काढलेल्या माणसाला मागच्या दाराने! पण पुढचं फाटक तिने लावून घेतलं होतं, तेव्हा मान खाली घालून मागे गेलो.

मागे सुलास्त्री नावाची, जावा बेटावरून कामाला आलेली बाई ओल्या चादरी पिळत होती. तिने मला बघितलं, कमरेची किल्ली काढली आणि टाकी दाखवायला जिन्याने वर नेलं. कोठीच्या खोलीच्या जाळीचं कुलूप तिने उघडलं.

आत अकरा माणसं होती.

वास असा होता की मी दारातच थांबलो. खिडक्या बंद, पंखा बंद. काही गाद्यांवर, काही खुर्च्यांवर. सगळी चादरींच्या पट्ट्यांनी बांधलेली. कोणाचे हात, कोणाची कंबर. ज्या आजोबांनी माझी बाही धरली होती ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि त्यांच्या टाचांवर मांस दिसत होतं. मला मझना ताई आठवल्या. मग खिडकीजवळची खुर्ची दिसली.

आईचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांना बांधले होते. तिने मला ओळखलं, आणि पहिल्यांदा काय केलं तर ती मनगटं मांडीखाली लपवायला बघू लागली. ती कशी लपणार? मग तिने विचारलं, "जेवलास का?"

आमच्याकडे माणूस भेटला की हेच विचारतात. त्याचं उत्तर 'जेवलो' असंच द्यायचं असतं. मी खिशातली कवळी काढून तिच्यापुढे धरली.

"आज रविवार आहे?" ती घाबरून म्हणाली. "मला कोणी खाली नेलं नाही."

"ही टाकीवाल्याची आई आहे?" सुलास्त्रीने गोंधळून विचारलं. मी तिच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही. ती ऐकत गाठी सोडत होती. मग म्हणाली, "अंकल, आम्ही दोघी आहोत आणि म्हातारे चौतीस. सोडलं तर पडतात. पडले की मॅडम आमचा पासपोर्ट दाखवते, परत पाठवीन म्हणते. तुम्ही सांगा, काय करायचं?" घरी मी एकटा होतो, म्हातारी एक होती, आणि तरी ती दोनदा पडली होती.

मी आईला उचललं. पाच आठवड्यांपूर्वी गाडीतून उतरवली तेव्हा ती एक्कावन्न किलो होती. आता माझ्या हातांना त्रेचाळीस लागले. हे हात चुकत नाहीत. दर रविवारी मी तिच्यासमोर दोन तास बसत होतो, केळी सोलून देत होतो, आणि आठ किलो आई माझ्या देखत कमी झाली. लाज वाटली. नुसती लाज नाही, जिन्यातच बसून राहावंसं वाटलं.

खाली आलो तर पुढच्या खोलीत मॅडम ऊई एका नीटनेटक्या बाईला अर्ज भरायला देत होत्या. मला बघून त्या ओरडल्या, "अरे, टाकी दुरुस्त करायला बोलावलं तर माणसं काय उचलून नेतोस?"

"मी तेओ," मी म्हणालो. "खेंग स्वी. ही माझी आई."

त्यांनी डोळे बारीक केले. बाटिकशिवाय मी त्यांना ओळखू येत नव्हतो. मग ओळख पटली आणि चेहऱ्याचा रंग उडाला, पण बाई पक्की. "मिस्टर तेओ, तुम्ही स्वतः सगळं तपासून गेलात! आम्हाला तर वाटलं तुम्ही खात्यातून आलात. गुरुवार, अंगात बाटिक, हातात पॅड, वर शिक्का. आम्ही काय समजायचं? मग कळलं की तुम्हाला आईसाठी जागा हवी, तेव्हा जरा हायसं वाटलं."

आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे माझा तक्ता काचेच्या चौकटीत लावला होता. वीस मुद्दे, माझं सुवाच्य अक्षर, एक्याण्णव या आकड्याभोवती त्यांनी सोनेरी रंगाने काढलेलं वर्तुळ. त्याखाली माझा शिक्का.

"हे वाचूनच तर मी वडिलांना इथे आणतेय," ती नीटनेटकी बाई म्हणाली. "एवढं बारकाईने कोण बघतं हो आजकाल? सामानाची सुरक्षितता सुद्धा बघितलीय. कोण आहेत हे निरीक्षक?"

"मी," मी म्हणालो.

तिने माझं बनियन बघितलं, चपला बघितल्या, आणि सभ्यपणे नजर वळवली. आयुष्यात इतका अपमान माझा कोणी केला नव्हता, आणि इतका योग्य अपमानही कोणी केला नव्हता. आईला कोचावर बसवून मी चौकट काढायला गेलो तर ती निघेना. चार स्क्रूंनी ठोकलेली. मॅडम ऊई माझा दंड ओढत होत्या, मी चौकट ओढत होतो, आणि आई म्हणत होती, "हळू रे, काच लागेल." शेवटी अर्धी भिंत खरवडून चौकट हातात आली. मी त्या बाईला म्हणालो, "सही करायच्या आधी मागच्या जिन्याने वर जा. कॉफी घेऊ नका." ती माझ्याकडे आणि मग आईच्या मनगटांकडे बघत राहिली. मग पेन ठेवलं आणि मागच्या दाराकडे गेली.

मोटरसायकलवर आईला नेणार कशी? सेल्वा अंकलना फोन केला. ते त्यांच्या तीस वर्षं जुन्या गाडीतून आले. मागच्या सीटवर मी आईला विचारलं, "रविवारी मी समोर बसायचो ना? का नाही सांगितलंस?"

"तू किती फिरलास माझ्यासाठी," आई म्हणाली. "त्या उन्हात. तो जाड सदरा घालून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वात चूने गाडा बंद ठेवला, मझना ताई आईच्या टाचांना मलम लावायला येऊन बसल्या, आणि मी कचेरीत तक्रार द्यायला गेलो. तीच मुलगी, तीच खिडकी. वरच्या मजल्यावर बांधून ठेवलेली अकरा माणसं, मी सांगितलं. आता दहा.

"ती चालतात का?"

"बांधलेली आहेत."

"ते कळलं अंकल. पण सोडल्यावर चालतात का?"

मी दोन्ही इमारतींत तक्रार दिली. दोन्हीकडे पोच मिळाली. एकीकडे म्हणाले, पाहणीला माणूस पाठवू. मी विचारलं, "कुठल्या वारी?" तर म्हणाले, "बहुतेक गुरुवारी." मी कुठला वार नको, कुठल्या दाराने जा, कुठलं कुलूप उघडायला लावा, हे सगळं कागदावर लिहून दिलं. सही केली. शिक्का मारायचा होता, पण तो मी सकाळीच कचऱ्यात टाकला होता.

तिसऱ्या दिवसापासून ग्वात चूला गाड्यावर जावंच लागलं. मझना ताई दुपारी दोनला येणार होत्या. तोवर मी एकटा. जेवल्यावर मी तीन कप काळी कॉफी घेतली, आरामखुर्ची अंगणात नेऊन टाकली आणि आईच्या खुर्चीसमोर एक लाकडी स्टूल घेऊन ताठ बसलो. पाठ दुखत होती. डोळे ओढत होते. एक वाजला, दीड वाजला. माझी मान एकदा खाली गेली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा आई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धी उठली होती. गुडघे थरथरत होते.

"बस!" मी ओरडलो. भीतीने ओरडलो, पण आवाज मोठा होता. "खाली बस आधी!"

आई लगेच बसली. मग तिने दोन्ही मनगटं खुर्चीच्या हातांवर नीट ठेवली, एकेक, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फार घट्ट नको हं."